मूल्याच्या रकान्यातला आकडा

मालमत्ता कराची नोटीस हातात पडली की नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते, कारण भरायची रक्कम तिथे छापलेली असते. त्या ओळीविरुद्ध मात्र घरमालकाला एकट्याने फारसे काही करता येत नाही. कराचा दर लोकप्रतिनिधींच्या सभेत ठरतो, तो सगळ्यांना लागू होतो, आणि तो जाचक वाटत असेल तर त्याची दाद सभागृहात किंवा निवडणुकीत मागावी लागते. एकट्या माणसाला दाद मागता येते ती त्याच्या बऱ्याच वर, लहान टाइपात छापलेल्या दुसऱ्या एका आकड्याविरुद्ध. हा आकडा म्हणजे आपल्या घराचे मूल्य. दर हा निर्णय असतो, मूल्य हा कुणीतरी बांधलेला अंदाज असतो. आणि अंदाज चुकू शकतो हे कायद्यालाही मान्य असल्यामुळे, जिथे जिथे असा कर आहे तिथे बहुधा हरकतीची वाटही ठेवलेली असते.

यंदा फेरमूल्यांकनात माझ्या घराचे मूल्य एकदम वाढून आले तेव्हा मी त्या वाटेने गेले. ओळखीच्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे पडले की या कामात चिकाटीपेक्षा ओळख उपयोगी पडते. कुठे कुठे पडतही असेल. पण नियम वाचून, कागद जमवून आणि सुनावणीला बसून झाल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. मूल्यांकनावरची हरकत ही मुळात वर्णनाची लढाई आहे. घराचे अधिक अचूक वर्णन ज्याच्याकडे असते त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि कार्यालयाकडचे वर्णन पुष्कळदा इतके जुने व इतके ओझरते असते की घरात राहणाऱ्या माणसाचे पारडे आधीपासूनच जड असते. अडचण एवढीच की त्या माणसाला आपल्या घराकडे त्रयस्थाच्या नजरेने पाहण्याची सवय नसते.

हरकतींच्या अर्जांत लोक काय लिहितात ते पाहिले की हे लगेच ध्यानात येते. रस्ता वर्षभर उखडलेला आहे, पाणी कमी दाबाने येते, निवृत्तिवेतन वाढलेले नाही, घरात आजारपण आहे, आधीच कर जास्त आहे, असे सगळे त्यात असते. ही गाऱ्हाणी खरी असतात, पण त्यांतली बहुतेक मूल्याशी संबंधित नसतात, आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांच्या आधारे काही करण्याचा अधिकारही नसतो. ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी सवलतीची तरतूद असेल तर तिचा अर्ज वेगळा असतो. रस्त्याचा मुद्दासुद्धा ‘त्या रस्त्यामुळे या बाजूची घरे कमी किमतीला जातात आणि हे पाहा त्यांचे व्यवहार’ अशा रूपात आला तरच कामाचा. नुसता संताप लेखी दिला की त्याला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

मूल्य कशाला म्हणायचे याची उत्तरेही सगळीकडे एक नाहीत. एक पद्धत विचारते की हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल. मालक स्वतः राहत असला तरी हे कल्पित भाडे काढले जाते आणि त्यातून ठरावीक वजावट करून करयोग्य मूल्य ठरवले जाते. दुसरी पद्धत विचारते की हे घर खुल्या बाजारात विकले तर काय किंमत येईल. तिसरी क्षेत्रफळ मोजते आणि त्याला वस्ती, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे गुणक लावते. तिसरी सर्वांत सरळ वाटते, कारण फीत खोटे बोलत नाही. पण नुसते क्षेत्रफळ धरले तर तीही अन्याय करते. केरळच्या १९६१ च्या इमारत कर कायद्याने घर कुठे आहे, कशासाठी वापरले जाते, त्याचे उत्पन्न काय, याचा विचार न करता केवळ क्षेत्रफळावर कर बसवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरवला, कारण असमान घरांना एकाच मापाने मोजणे हाही भेदभावच झाला. दुसऱ्या पद्धतीची मर्यादा मुंबईच्या भांडवली मूल्याच्या नियमांवरून झालेल्या वादात पुढे आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवताना हे तत्त्व मान्य केले की मूल्य जमिनीच्या आणि इमारतीच्या आजच्या स्थितीवरून काढायचे असते; उद्या तिथे किती उंच बांधता येईल या शक्यतेवर आज कर आकारता येत नाही.

हे तत्त्व बांधकाम व्यावसायिकांच्या भूखंडांपुरते वाटेल, पण साध्या घरालाही ते लागू पडते. आपले घर जे आहे तेच मोजले गेले पाहिजे. आणि ते कोणत्या दिवशीचे, हेही ठरलेले असते.

या दिवसाकडे लोकांचे दुर्लक्ष होते. मूल्यांकनाला एक संदर्भ तारीख असते आणि ती नोटिशीच्या तारखेच्या बरीच मागे असू शकते. नेदरलँड्समध्ये दरवर्षी मूल्य कळवले जाते, पण ते आदल्या वर्षीच्या १ जानेवारीचे असते आणि हरकतीसाठी सहा आठवडे मिळतात. इंग्लंडमधला प्रकार तर कमालीचा आहे. तिथला घरांवरचा कौन्सिल टॅक्स १९९३ मध्ये सुरू झाला, त्याचे गट (घरांची किमतीनुसार केलेली वर्गवारी) १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर बेतलेले आहेत आणि त्यानंतर तिथे सार्वत्रिक फेरमूल्यांकन झालेलेच नाही. त्यामुळे गेल्या वर्षी बांधून झालेले घर १९९१ मध्ये उभे असते तर कितीला गेले असते, असा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्याला गंभीर चेहऱ्याने सोडवावा लागतो. (वेल्सने निदान २००३ च्या किमती घेतल्या.) अशा ठिकाणी कालपरवाच्या विक्रीचा दाखला घेऊन गेलेला माणूस खरे बोलत असूनही त्याचा पुरावा गैरलागू ठरतो. बाजार उतरत असताना संदर्भ तारीख तेजीतली निघाली तर हे फार खुपते, पण त्यावर हरकत चालत नाही.

आता नोंदपत्रकाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. प्रत्येक घराचा एक कागद कार्यालयात असतो, आता बहुधा संगणकात. मागितला तर तो मिळतो, पण मागणारे थोडे. त्या एका पानावर आपले घर असते, आणि ते ओळखू येत नाही. क्षेत्रफळ, मजले, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, स्नानगृहे, वाहनतळ, वापर, दर्जा, असे रकाने आणि त्यांपुढे एकेक शब्द किंवा आकडा. आपण ज्या खोलीला ‘आईची खोली’ म्हणतो ती तिथे नसते. तिच्याजागी चौरस मीटर असतात. ‘दर्जा’ या रकान्यात माझ्या घरापुढे ‘चांगला’ असे लिहिले होते. ते वाचून क्षणभर बरे वाटले, आणि मग लक्षात आले की त्या एका शब्दाने दरपत्रकातली वरची पायरी लागली आहे.

पत्रक नीट वाचले तेव्हा त्यात दोन गोष्टी सापडल्या. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याखालचा व्हरांडा आहे. त्याला दोन बाजूंनी भिंत आहे, तिसरी बाजू उघडी आहे, पावसात तिथे वाळत घातलेले कपडे भिजतात. पत्रकात तो खोली म्हणून, पूर्ण दराने धरलेला होता. दुसरी गोष्ट वर्षाची. घर जुने आहे. त्याला नंतर एक खोली जोडली गेली. जोडकामाच्या परवानगीचे वर्ष हेच सबंध घराचे बांधकामाचे वर्ष म्हणून नोंदले गेले होते. त्यामुळे जुन्या भागाला मिळायला हवा तो घसारा, म्हणजे जुनेपणाबद्दलची वजावट, अजिबात मिळत नव्हता. कुणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. ज्याने नोंद केली त्याच्यासमोर परवानगीचा कागद होता, त्यावर एक वर्ष होते, आणि रकान्यात एकच वर्ष मावत होते. एकदा तिथे पडलेला आकडा मग प्रत्येक फेरमूल्यांकनात बिनबोभाट पुढे सरकत राहिला.

मोजमाप स्वतः करायचे ठरवले तेव्हा फितीचे दुसरे टोक धरायला शेजारचे काका आले. ते निवृत्त आहेत आणि कुठल्याही मोजणीत त्यांना रस असतो. मोजताना पहिला प्रश्न हाच येतो की भिंतीच्या आतून मोजायचे की बाहेरून. नियमात बाहेरून म्हटले असेल तर जाड भिंतींच्या जुन्या घराला त्याचा तोटा होतो, कारण ज्या जागेत सुई ठेवता येत नाही तिच्यावरही कर लागतो. आतून म्हटले असेल आणि नोंद बाहेरून झाली असेल तर तेवढा एक फरकच हरकतीला पुरेसा असतो. जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यावर, खिडकीबाहेरचा सज्जा धरायचा की नाही, उतरत्या छपराखालची जागा कितपत उंचीपासून धरायची, याही गोष्टी नियमांत लिहिलेल्या असतात आणि त्या शोधून वाचणे कंटाळवाणे असते. काका प्रत्येक माप दोनदा घ्यायला लावत होते. दोन्ही वेळा सारखे आले की ते समाधानाने ‘लिही’ म्हणत.

मोजणीसाठी परक्या माणसाने घरात शिरावे का, हा वाद फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १६६२ मध्ये घरातल्या चुलींवर कर बसला होता. चुली मोजायला माणूस घरात शिरत असे, त्यामुळे तो कर लोकांना असह्य झाला आणि १६८९ मध्ये काढून टाकला गेला. पुढे १६९६ मध्ये खिडक्यांवरचा कर आला, आणि त्याची मोठी सोय ही होती की खिडक्या रस्त्यावर उभे राहून मोजता येत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. घर अंधारे आणि कोंदट झाले तरी चालेल, पण कर नको. १८५१ पर्यंत तो कर टिकला; फ्रान्समध्ये दारेखिडक्यांवरचा तसाच कर १७९८ पासून १९२६ पर्यंत चालला. बाहेरून मोजले की अंदाज ढोबळ होतो आणि आत येऊन मोजले की लोकांना ते अपमानास्पद वाटते, हा पेच अजून सुटलेला नाही. आज विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून छपराचा आकार मोजतात. वरून पाहिले तर माझा उघडा व्हरांडा छपराचाच भाग दिसतो. त्याला तिसरी भिंत नाही, हे आकाशातून कळायला मार्ग नाही.

त्यात कार्यालयाचाही सर्वस्वी दोष नाही. हजारो, कधी लाखो घरांचे मूल्य एकाच वेळी काढायचे असते. प्रत्येक घरात जाऊन, बसून, विचार करून ते काढणे शक्य नसते. म्हणून झालेल्या विक्री व्यवहारांवरून एक सूत्र बसवले जाते आणि ते सगळ्या घरांना लावले जाते. हे तयार कपड्यांसारखे आहे. मापे सरासरीची असतात आणि बहुतेकांना ते अंगावर चढतात. या कामाचा दर्जा तपासण्याची मोजपट्टीही आहे. मूल्यांकन अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांनुसार, विकल्या गेलेल्या घरांचे मूल्यांकन आणि त्यांची प्रत्यक्ष किंमत यांचे गुणोत्तर मध्यकापासून (सगळी गुणोत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येते त्यापासून) सरासरी किती टक्के ढळते ते पाहतात, आणि एकेकट्या राहत्या घरांच्या बाबतीत ते ५ ते १५ च्या दरम्यान असले तर काम समाधानकारक मानतात. याचा अर्थ मी असा घेते की काम उत्तम झाले तरी पुष्कळ घरांचे मूल्य काही टक्क्यांनी वरखाली असणारच, आणि ते कुणाचे, हे सूत्राला सांगता येत नाही. ते घरमालकालाच सांगावे लागते. हरकत घेणे म्हणजे प्रशासनाशी वैर धरणे, असा जो समज आहे तो मला म्हणूनच चुकीचा वाटतो. सूत्राने गाळलेली माहिती परत आणून देण्याचा तो ठरवून दिलेला मार्ग आहे, आणि कार्यालयातल्या समजूतदार माणसांनाही तो तसाच वाटतो.

वस्तुस्थितीच्या चुका दाखवणे सोपे. खरा गुंता सुरू होतो तो शेजाऱ्यांपाशी. समजा, माझ्या घराचे मूल्य बाजारभावाच्या अगदी बरोबर लावलेले आहे, पण आजूबाजूच्या सगळ्या घरांचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर आहे. मग माझी तक्रार काय? आकडा तर खरा आहे. तरीही तक्रार आहे, कारण कर हा शेवटी वाटप असतो. जिथे अंदाजपत्रकाची गरज आधी ठरते आणि तिला एकूण मूल्याने भागून दर काढला जातो, तिथे सगळ्यांची मूल्ये एकदम दुप्पट झाली तरी कुणाच्याही करात फरक पडत नाही. आणि एकाचेच मूल्य दुप्पट झाले तर त्याचा कर जवळजवळ दुप्पट होतो. आपले मूल्य किती, यापेक्षा इतरांच्या मानाने किती, हे महत्त्वाचे ठरते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९२३ मध्ये असेच एक प्रकरण आले होते. नेब्रास्कातल्या एका पुलाच्या मालक कंपनीचे म्हणणे होते की तिच्या मालमत्तेचे मूल्य पूर्ण शंभर टक्के धरले आहे आणि त्याच भागातल्या इतर मालमत्तांचे पंचावन्न टक्के. खालच्या न्यायालयाने म्हटले की कायदा शंभर टक्केच सांगतो, तेव्हा इतरांची मूल्ये वाढवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. बाकी सगळ्यांविरुद्ध लढण्याचे ओझे एका करदात्यावर टाकता येत नाही. त्याचेच मूल्य इतरांच्या पातळीवर आणले पाहिजे, मग ते कायद्यातल्या टक्केवारीपेक्षा कमी भरले तरी चालेल. १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या जमिनींबाबत असाच निर्णय दिला. अलीकडे विकल्या गेलेल्या जमिनींचे मूल्य शेजारच्या तशाच जमिनींच्या ८ ते ३५ पट धरले गेले होते. पण लगेच १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाबतीत ते दुसऱ्या बाजूला झुकले. तिथे १९७८ च्या सार्वमताने असे ठरले होते की घर विकले जाईपर्यंत त्याचे करमूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनीच वाढवायचे. त्यामुळे नव्याने घर घेतलेल्या स्टेफनी नॉर्डलिंगर यांना शेजारच्या जुन्या मालकांच्या जवळजवळ पाचपट कर बसत होता. न्यायालयाने ती विषमता घटनाबाह्य ठरवली नाही, कारण जुन्या रहिवाशांना स्थैर्य देण्याचा हेतू कायद्यामागे होता. मला हा निकाल पटत नाही. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या घरांसाठी रस्ता तोच, दिवे तेच, शाळा तीच, आणि वर्गणी मात्र कुणी कधी आले यावर, यात हेतू सापडतो, न्याय सापडत नाही. पण त्या निकालातून एक गोष्ट उघड होते: बरोबरीचा मुद्दा कितपत चालेल हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि तो आधी वाचल्याशिवाय शेजाऱ्यांच्या आकड्यांमागे लागण्यात अर्थ नसतो.

मी आकडे काढले. नोंदी सार्वजनिक होत्या, कुणाच्याही घराच्या पाहता येत होत्या. सारख्या वयाची, सारख्या बांधणीची, त्याच गल्लीतली घरे निवडायची होती. हे काम करताना मला फारसे बरे वाटले नाही. एरवी ज्यांच्याकडे आपण हाक मारून जातो त्यांच्या घरांचे दर्जे आणि वर्षे वाचताना डोकावल्यासारखे वाटत होते. काकांचे पत्रकही त्यातच समोर आले. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्याची त्यात नोंदच नव्हती. मजला जुना आहे, कुणापासून लपवलेला नाही, रस्त्यावरून दिसतो. फक्त कागदावर नाही. त्यामुळे त्यांचे मूल्य माझ्या निम्म्याच्या आसपास होते. तुलनेसाठी याहून देखणा आकडा मला मिळाला नसता.

तो मी अर्जाला जोडला नाही. त्यात फार मोठेपणा होता असे नाही. पहिले कारण व्यवहाराचे होते: चुकीच्या नोंदीशी केलेली तुलना पहिल्याच प्रश्नाला कोसळली असती. दुसरे कारण असे की पुष्कळ ठिकाणी हरकतीच्या निमित्ताने अधिकाऱ्याला मूल्य वाढवण्याचाही अधिकार असतो, फक्त अर्जदाराचेच असे नाही. इंग्लंडमध्ये गटाला आव्हान देणाऱ्याला हे सरळ सांगितले जाते की तुमचा गट वर जाऊ शकतो आणि शेजाऱ्यांचाही. शेजाऱ्याचा आकडा पुरावा म्हणून दिला की आपण त्याच्या दाराकडे बोट दाखवलेलेच असते. पक्षकाराने आपल्या सोयीचा पुरावा निवडावा यात गैर काही नाही, आणि वरचा मजला नोंदवणे हे कार्यालयाचे काम आहे, माझे नाही, असे मी स्वतःला सांगितले. या विचारात थोडी पळवाट आहे, हेही मला ठाऊक होते. वाटपाचा न्याय मागायला निघालेल्या माणसाने एका कमी पडणाऱ्या वाट्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करावे, हे काही फार सुसंगत नव्हे.

सुनावणी छोटी झाली. त्या दालनात जे लोक थांबले होते त्यांच्यातले काही हातात फक्त नोटीस घेऊन आलेले होते. मी नकाशा, दोनदा घेतलेली मापे, व्हरांड्याची तिन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, मूळ बांधकामाचा दाखला आणि जोडकामाची परवानगी असे क्रमाने लावून नेले होते. अधिकाऱ्यांनी आधी छायाचित्रे पाहिली, मग मूळ दाखल्यावरचे वर्ष, आणि पत्रकावरच्या वर्षाभोवती पेन्सिलने एक वर्तुळ काढले. मग त्यांनी अर्जात मी सुचवलेल्या मूल्यावर बोट ठेवून विचारले, “मॅडम, एवढ्या किमतीला घर विकाल का तुम्ही?”

हा प्रश्न बहुधा प्रत्येकाला विचारला जात असावा, आणि तो चांगला आहे. कारण आपल्याच तोंडाने आपल्या घराची किंमत कमी सांगताना प्रत्येकाला कुठेतरी अवघड वाटते. विकताना जे घर हवेशीर, भक्कम आणि मोक्याच्या जागी असते तेच हरकतीच्या अर्जात जुनाट आणि गैरसोयीचे होते. मी म्हणाले, “नाही विकणार, साहेब. पण मी विकेन का यावर मूल्य ठरत नाही ना. संदर्भ तारखेला दुसऱ्या कुणी एवढ्याच किमतीला घेतले असते का, ते पाहायचे.” विकण्याची सक्ती नसलेला मालक आणि घेण्याची सक्ती नसलेला ग्राहक यांच्यात जी किंमत ठरेल ती बाजारभाव, ज्याला घर सोडायचेच नाही त्याची ओढ त्यात धरत नाहीत. त्यांनी यावर काही म्हटले नाही. फक्त ‘दर्जा’च्या रकान्याबद्दल माझ्याकडे काही पुरावा आहे का, असे विचारले. नव्हता. दर्जा हा पाहणाऱ्याच्या मतावर असतो आणि त्याला दुसऱ्या जाणकाराच्या लेखी अहवालानेच उत्तर देता येते. तो अहवाल विकत घ्यावा लागतो.

इथे या सगळ्या व्यवस्थेची एक बाजू दिसते ती मला सर्वांत जास्त सलते. हरकतीची वाट सगळ्यांना खुली आहे, पण तिच्यावरून चालायला वेळ, वाचता येण्याजोगी भाषा, रजा आणि थोडे पैसे लागतात. शिकागो शहर ज्यात येते त्या कुक परगण्यातल्या मूल्यांकनांचा तिथल्या वृत्तपत्राने २०१७ मध्ये शोध घेतला, तेव्हा असे पुढे आले की स्वस्त घरांची मूल्ये त्यांच्या किमतीच्या मानाने चढी होती, महागड्या घरांची उतरती होती, आणि हरकतींनी हा फरक कमी होण्याऐवजी वाढत होता, कारण हरकत घेणारे आणि त्यात यश मिळवणारे बहुतांशी सुस्थितीतले होते. चूक दुरुस्त करण्यासाठी ठेवलेले साधन ज्यांना वापरता येते त्यांच्याच चुका दुरुस्त होतात. त्यामुळे मूल्यांकनाचा पाया मुळातून बरोबर असणे आणि फेरमूल्यांकन वेळच्या वेळी होणे हे हरकतींपेक्षा महत्त्वाचे आहे. फेरमूल्यांकन लांबवणारे सगळेच राज्यकर्ते ते लोकांच्या भल्यासाठी लांबवत असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात ज्यांच्या वस्त्यांचे भाव कमी वाढले ते दरवर्षी ज्यांचे भाव जास्त वाढले त्यांच्या वाट्याचे थोडे थोडे भरत राहतात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. मुदत चुकली तर कितीही भक्कम पुरावा उपयोगाचा नाही. आणि हरकत प्रलंबित आहे म्हणून कर भरायचा थांबवणे बहुतेक ठिकाणी महागात पडते. आधी भरायचा आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर जादाची रक्कम परत घ्यायची किंवा पुढच्या देयकात वळती करून घ्यायची, असाच रिवाज आहे.

निकाल पत्राने आला. बांधकामाचे वर्ष दुरुस्त केले होते, घसारा लागू केला होता, व्हरांडा खोलीतून काढून अर्ध्या उघड्या बांधकामाच्या दराला टाकला होता. दर्जा ‘चांगला’च राहिला. तुलनेसाठी दिलेल्या घरांबद्दल एकच वाक्य होते, की ती विचारात घेतली. मूल्य मी मागितले होते तेवढे उतरले नाही, पण पूर्वीपेक्षा बरेच खाली आले, आणि त्यापुढे अपिलात जाण्याजोगे माझ्या हातात काही नव्हते.

काकांना निकाल वाचून दाखवला तेव्हा ते खूश झाले. मापांचे श्रेय त्यांनी घेतले, आणि ते रास्तच होते. मग म्हणाले, “माझंही पत्रक मागवून दे ना. मीही टाकतो अर्ज. माझाही कर कमी होईल.”

मी म्हणाले, “काका, तुमचं पत्रक मी पाहिलंय. त्यात वरचा मजला नाहीये.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “पुढचं फेरमूल्यांकन कधी आहे म्हणालीस?”